मागे इंजिन असलेल्या स्पोर्ट्स कारला एलएसडी लागतंच का?

शंकासुर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारूनच टाकतो. गाडी पोर्शे ९११, ९९६ पिढीची साधी कॅरेरा, ३.४ लिटर, मॅन्युअल, ताकद फक्त मागच्या चाकांना, पीएसएम (गाडी घसरायला लागली की ब्रेक लावून आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नाही आणि डिफ (डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) ओपन, म्हणजे साधं. आधीच्या मालकाने खालून बरंच काही बदललेलं होतं, मी घेतली तशीच चालवतोय. अधूनमधून ट्रॅक डेला नेतो, बाकी डोंगरातले रस्ते. त्रास असा की हेअरपिनमधून सेकंडवर बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की आतलं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं, टायर ओरडतो, आरपीएम चढतात आणि गाडी पुढे जायचं नाव घेत नाही. ट्रॅकवर भेटणारी निम्मी मंडळी म्हणतात एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ, एकाच चाकाला एकटं फिरत सुटू न देणारं) नाही तर ती स्पोर्ट्स कारच नाही, उरलेली म्हणतात इंजिन बसलंय ना मागच्या चाकांवर, मग एलएसडी कशाला. गिअरबॉक्स खाली उतरवायचं काम आहे, म्हणून हात घालण्याआधी विचारतोय. नक्की लागतं का?

सरळरेषा:
लागतं. संपला धागा :)

वजनकाटा:
एवढ्यात संपवू नका हो, आधी आकडे मांडू. समजा गाडी १३०० किलो, त्यातले ८०० मागच्या एक्सलवर आणि ५०० पुढच्या, ९११ मध्ये साधारण अशीच वाटणी असते, साठ टक्क्यांच्या वर मागे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर दीड मीटर. ०.९ जी ने वळण घेतलं तर आतल्या बाजूचं ३९० किलो वजन बाहेरच्या बाजूला सरकतं (१३०० गुणिले ०.९ गुणिले ०.५ भागिले १.५, कुणीही करून बघा). आता या ३९० मधले किती पुढच्या एक्सलवर सरकणार आणि किती मागच्या, ते अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) आणि स्प्रिंग ठरवतात. ९११ ची पुढची बाजू सहसा जास्त कडक ठेवलेली असते, म्हणून ५५ टक्के पुढे टाकू. पुढच्या आतल्या चाकावर उभ्या गाडीत २५० होते त्यातले २१५ गेले, उरले ३५. मागच्या आतल्या चाकावर ४०० होते, १७५ गेले, उरले २२५. तेवढ्याच वजनाची पण पुढे इंजिन असलेली गाडी घ्या, मागे ६१० किलो, सरकणारं वजन निम्मं-निम्मं, तर मागच्या आतल्या चाकावर फक्त ११० उरतात. म्हणजे आपल्याकडे दुप्पट. शिवाय वळणातून बाहेर पडताना ०.३ जी ने वेग घेतला की आणखी ८० एक किलो मागे येतात ते वेगळेच. रेसमधल्या जुन्या ९११ चे फोटो बघा, पुढचं आतलं चाक हवेत आणि मागची दोन्ही जमिनीला चिकटलेली.

ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, आणि तो जास्तीत जास्त किती हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. त्या चाकावर वजन असेल तोवर ओपन डिफ निमूट काम करतं. त्यामुळे मला उलट कोडं पडलंय, २२५ किलो अंगावर असताना तुमचं चाक फिरतंय कसं? ३.४ चा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, अगदीच काही राक्षसी नाही.

जुनाभिडू:
आकडे छान आहेत पण इतिहास विसरू नका, एलएसडीचा जन्मच मागे इंजिन असलेल्या गाडीसाठी झालाय. ऑटो युनियनची ग्रां प्री गाडी, १६ सिलेंडर, डिझाइन खुद्द फर्डिनांड पोर्शेंचं. ताकद इतकी की ताशी १०० मैलांपर्यंत कुठल्याही वेगाला मागचं एक चाक फिरत राहायचं, शेवटी १९३५ मध्ये त्यांनी झेडएफ कंपनीकडून त्यासाठी खास डिफ करवून घेतलं. नव्वद वर्षांपूर्वी पोर्शेंना जे कळलं ते आपण अजून विचारतोय.

क्राऊनपिनियन:
ते इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे होतं पण मागच्या एक्सलच्या पुढे. मिड-इंजिन झालं ते. आणि तेव्हाचे टायर बघितलेत का, सायकलला शोभतील असे. त्या टायरवर ५०० हॉर्सपॉवर, कुठलं डिफ टिकणार.

जुनाभिडू:
बरं मग जुनी अल्पिन ए११० घ्या, तिचं इंजिन खरोखर एक्सलच्या मागे लटकलेलं. १९७३ ला वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप पहिल्यांदा झाली ती अल्पिननेच जिंकली. रॅलीत एका चाकाखाली डांबर, दुसऱ्याखाली खडी नाहीतर बर्फ, तिथं ओपन डिफ घेऊन कोण जाईल?

सरळरेषा:
रॅली कशाला काढता मधेच, त्यांना डांबरावर चालवायचीये. आणि मगाशी मी गंमत केली, आता खरं सांगतो. नवी ए११० जी २०१७ ला आली ती ओपन डिफवर आहे, चाक फिरलं की ब्रेक लावून त्याला आवरते. लोटस एलिस ओपन डिफवर. मॅकलॅरेन १२सी, ७२०एस, दोन्ही ओपन डिफ आणि ब्रेकवर सगळा कारभार. या सगळ्या मिड-इंजिन आहेत, कबूल, क्राऊनपिनियन आता मला पकडणार. पण सांगायचं एवढंच की 'एलएसडी नाही तर स्पोर्ट्स कार नाही' हे निव्वळ कट्ट्यावरचं बोलणं आहे.

क्राऊनपिनियन:
नाही पकडत, बरोबर आहे. फक्त ब्रेकने आवरायची पद्धत रस्त्यावर ठीक, ट्रॅकवर दहा-पंधरा मिनिटं सलग चालवली की मागचे पॅड आणि डिस्क तापतात, पॅड भराभर संपतात, आणि चाक आवरायला जी ताकद जाते ती उष्णता होऊन वाया. तसंही शंकासुर यांच्या गाडीत पीएसएम नाही, त्यामुळे तो पर्याय त्यांना नाहीच.

तिसरागिअर:
मी ट्रॅकवर लोकांना शिकवतो, त्यात ९११ वाले बरेच असतात. साध्या ९९६ मध्ये कोरड्या डांबरावर आतलं चाक फिरतंय म्हटल्यावर माझा पहिला संशय डिफवर जात नाही. शंकासुर, आधीच्या मालकाने खाली काय काय बदललंय ते गाडी वर घेऊन बघा. खास करून मागचा अँटी-रोल बार ॲडजस्टेबल आहे का, बारला चाकाशी जोडणारी लिंक कुठल्या भोकात आहे (भोक बदललं की बार कडक-मऊ होतो), आणि पुढचा मूळचाच आहे का.

शंकासुर:
बघून आलो. मागे जाड ॲडजस्टेबल बार आहे, तीन भोकं आहेत आणि लिंक सगळ्यात कडक भोकात. पुढचा बार मूळचा दिसतोय. हे चुकीचं आहे का?

तिसरागिअर:
चुकीचं नाही, त्याने मुद्दाम केलं असणार. कंपनीतून येते तेव्हा हळू वळणात गाडीचं नाक आत जात नाही, ढकलत ढकलत बाहेर जाते. पुढे वजन कमी, मग पुढच्या टायरना चावा घ्यायला काही मिळतच नाही. बरेच जण यावर सोपा उपाय म्हणून मागचा बार कडक करतात. नाक आत यायला लागतं खरं, पण किंमत मागचं आतलं चाक मोजतं.

वजनकाटा:
घ्या, कोडं सुटलं. माझ्याच गणितात पुढे ५५ च्या ऐवजी ३५ आणि मागे ६५ टाका. मागच्या आतल्या चाकावरचे २२५ घसरून १४७ वर आले. आणि पुढच्या आतल्या चाकावर ११३ किलो नुसते बसून आहेत, त्या चाकाला इंजिनची ताकद द्यायचीच नाहीये. मागे इंजिन असल्याचा जो फुकटचा फायदा होता तो बारने काढून पुढच्या एक्सलला देऊन टाकला.

सरळरेषा:
म्हणजे एलएसडीच्या पैशात करायचं काम एका पान्याने होणार. बघा, मी म्हटलं होतं ना धागा संपला.

शंकासुर:
सगळ्यांचे आभार. मागची लिंक सगळ्यात मऊ भोकात घातली आणि त्याच हेअरपिनवर जाऊन आलो. चाक फिरणं जवळजवळ गेलं, एकदम खडबडीत ठिकाणी थोडं होतं तेवढंच. नाक मात्र पहिल्यापेक्षा आळशी झालंय, पण चालेल.

आता दुसरं विचारतो, जे मी आधी लिहिलं नव्हतं कारण मला वाटत होतं ९११ म्हणजे असंच असणार. वेगवान वळणात शिरताना, उतार असेल तर जास्तच, ब्रेक सोडत सोडत स्टिअरिंग फिरवलं की मागची बाजू हलकी होऊन वळवळते. फिरत नाही, पण आता पुढे येते की काय असं वाटतं आणि मी आपोआप वेग कमी करतो. बार मऊ केल्यावर थोडं कमी झालं, गेलं नाही.

तिसरागिअर:
आता खरा विषय आला. बहुतेक लोक एलएसडी म्हटलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावरचाच विचार करतात, कारण पुढे इंजिन असलेल्या गाडीत त्याचं मुख्य काम तेच आहे. मागे इंजिन असलेल्या गाडीत मात्र एलएसडी ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्त उपयोगी पडतं. हे ऐकायला उलटं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लेटवालं एलएसडी (आत घर्षणाच्या प्लेट असलेलं) दोन चाकांच्या वेगातला फरक कमी करायला बघतं, म्हणजे भरभर फिरणाऱ्या चाकाकडचा टॉर्क हळू फिरणाऱ्याकडे सरकवतं. वळणात बाहेरचं चाक नेहमी जास्त भरभर फिरतं. तुम्ही पाय उचललात, इंजिन आता चाकांना मागे ओढतंय, अशा वेळी एलएसडी बाहेरच्या चाकाला जास्त ओढतं आणि आतल्याला कमी. बाहेरची बाजू मागे ओढली गेली की गाडीला वळणाच्या विरुद्ध, सरळ होण्याच्या दिशेने पीळ बसतो. आणि ९११ ला त्या क्षणी नेमकं हेच हवं असतं. पाय उचलला, वजन पुढे गेलं, मागचे टायर हलके झाले, आणि सगळ्यात मागे टांगलेलं इंजिन सरळ जायच्या तयारीत, म्हणजे शेपूट बाहेर. जुन्या ड्रायव्हरांची जी शिकवण आहे ना, वळणात एकदा शिरलात की पाय उचलू नका, ती याच भीतीपोटी.

आता कंपनीचे आकडे बघा. ९९६ नंतरच्या ९९७ पिढीच्या कॅरेराला जे मेकॅनिकल एलएसडी मिळायचं त्याचं लॉकिंग ॲक्सिलरेटरवर २२ टक्के आणि सोडल्यावर २७. ट्रॅककडे झुकलेल्या ९९७ जीटी३ ला २८ आणि ४०. दोन्हीकडे सोडल्यावरचा आकडा मोठा. नुसती ताकद जमिनीवर उतरवायची असती तर उलटं केलं असतं.

वजनकाटा:
ज्यांना टक्के म्हणजे काय कळत नाही त्यांच्यासाठी: ४० टक्के लॉकिंग म्हणजे दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक एकूण टॉर्कच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ७० आणि ३० अशी वाटणी. २२ टक्के म्हणजे ६१ आणि ३९. ०ला ओपन, १०० ला दोन्ही चाकं एकत्र वेल्ड केल्यासारखी.

पावसाळी:
सगळं वाचतेय, पण ओल्या रस्त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. ओपन डिफमध्ये पावसात जास्त ॲक्सिलरेटर दिला तर आतलं चाक फिरतं, आवाज येतो, गाडी पुढे जात नाही, आणि बाहेरचं चाक आपलं बाजूची पकड धरून असतं. म्हणजे आतलं चाक ओरडून सांगतं की बाई पुरे. लॉकिंग जास्त असलेल्या एलएसडीमध्ये दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि मग अख्खी मागची बाजू बाजूला निघते, आणि मागे एवढं वजन असताना ती एकदा निघाली की आवरायला वेळ मिळत नाही. ज्यांची गाडी जास्त करून रस्त्यावर आणि सगळ्या ऋतूंत चालते त्यांनी जीटी३ चे आकडे बघून भुलू नये.

तिसरागिअर:
शंभर टक्के सहमत. म्हणून ॲक्सिलरेटरवरचं लॉकिंग कमीच ठेवायचं. तसं पण हळू वळणात दोन्ही चाकांना पकड असताना एलएसडी टॉर्क आतल्या चाकाकडे सरकवतं आणि नाक आणखी बाहेर ढकलतं, ९११ ला त्याची आधीच खोड आहे.

जुनाभिडू:
मग टॉर्सन टाइप, म्हणजे गिअरवालं घ्या ना. प्लेट नाहीत, झिजायचं काही नाही, एकदा बसवलं की विसरून जा.

क्राऊनपिनियन:
झिजत नाही हे त्याचं मोठं सुख, मान्य. पण ते एका चाकाच्या टॉर्कला ठराविक पटीने गुणतं, आणि एक चाक हवेत गेलं की शून्याला कितीनेही गुणा, शून्यच. मागे इंजिन असलेल्या गाडीत मागचं चाक सहसा हवेत जात नाही त्यामुळे तो दोष इथे फार नडत नाही. पण यांचा प्रश्न ॲक्सिलरेटर सोडतानाचा आहे. पाय उचलता उचलता एका क्षणी टॉर्क शून्यातून जातो, तिथे गिअरवालं डिफ ओपनसारखं वागतं, आणि शेपूट वळवळायची वेळ पण नेमकी तीच. प्लेटवाल्यात स्प्रिंगचा प्रीलोड (प्लेटवर कायमचा दाब) असतो, तो त्या क्षणीसुद्धा थोडं धरून ठेवतो. रस्त्यासाठी गिअरवालं, ट्रॅकसाठी प्लेटवालं, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो, आणि यांचं दोन्हीच्या मधलं आहे.

पण थांबा, शंकासुर, गाडीला पंचवीस वर्षं झाली. मागच्या कंट्रोल आर्मचे बुश आणि टो लिंक कधी बघितलेत? बुश मेले असतील तर ब्रेक मारल्यावर चाकाचा टो (वरून बघितलं तर चाकाची पुढची कडा आत-बाहेर किती वळलीय ते) आपोआप बाहेरच्या बाजूला जातो आणि तुम्ही लिहिलीय तशीच वळवळ होते. एलएसडी घातलंत तर ती झाकली जाईल, जाणार नाही. आधी बुश, मग अलाइनमेंट, मागच्या चाकांना थोडा टो-इन.

सरळरेषा:
बार मऊ करून चाक फिरायचं थांबलं, बुश बदलून शेपूट थांबेल. एलएसडीचं काम कधी निघणार या गाडीत?

क्राऊनपिनियन:
निघेल. बुश बदलून पण ट्रॅकवर ब्रेक ओढत वळणात शिरताना फरक राहतोच, तिसरागिअर म्हणतात ते खरं आहे, चांगल्या ओपन डिफच्या गाडीतून चांगल्या एलएसडीच्या गाडीत बसलात की पहिल्या दोन वळणांत कळतं. माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे.

आणि आणखी एक. कंपनीचं प्लेटवालं एलएसडी आहे म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. त्या प्लेट झिजतात, ट्रॅकवर चाललेल्या गाडीत लवकरच, आणि झिजल्या की ते महागडं ओपन डिफ होतं, मालकाला पत्ताही नसतो. तपासायचं असेल तर मागची दोन्ही चाकं वर घ्या, गिअर न्यूट्रलला, एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेला फिरलं तर ओपन किंवा संपलेलं, त्याच दिशेला फिरलं तर प्लेटमध्ये थोडा जीव आहे. किती जीव आहे ते टॉर्क रेंच लावूनच कळतं, एक चाक जमिनीवर, दुसरं वर, हब फिरायला किती जोर लागतो ते मोजायचं. गिअरवाल्या डिफला ही तपासणी लागू नाही, ते चांगलं असलं तरी उलटं फिरू शकतं.

पावसाळी:
टायरचं पण सांगा. मागचे दोन टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे, झीज सारखी. एक नवा एक जुना असेल तर सरळ रस्त्यावर पण दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि प्लेट दिवसभर घासत राहतात. एका पंक्चरपायी लोक एकच टायर बदलतात आणि मग एलएसडी कुरकुरतं म्हणून तक्रार करतात.

शंकासुर:
गॅरेजमध्ये दाखवून आलो. मागचे बुश खरंच चिरलेले निघाले, ते आणि टो लिंक दोन्ही मागवलंय. क्लच पण आता शेवटाकडे आलाय असं ते म्हणाले. मग क्लचला गिअरबॉक्स उतरेल तेव्हाच एलएसडी घालून टाकावं का? मजुरी एकदाच.

जुनाभिडू:
घाला. आयुष्यात दोनदा गिअरबॉक्स उतरवायचा नसतो.

क्राऊनपिनियन:
मजुरी एकदाच हे अर्धंच खरं. क्लचसाठी गिअरबॉक्स नुसता खाली येतो, डिफसाठी त्याचं साइड कव्हर उघडून क्राऊन व्हील जुन्यावरून काढून नव्यावर चढवायचं, बेअरिंगचा प्रीलोड आणि पिनियनशी बॅकलॅश शिम घालून परत बसवायचा. हे ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच द्या, नाहीतर गिअरबॉक्स विमानासारखा आवाज करत परत येईल. दुसरं, या गाडीत डिफ आणि गिअर एकाच तेलात बुडालेले. प्लेटला घसरण हवी आणि सिंक्रोला (गिअर बदलताना वेग जुळवणारी रिंग) घर्षण हवं. फ्रिक्शन मॉडिफायर बदाबदा ओतलात तर डिफ गप्प होईल आणि सेकंड गिअर खरखरायला लागेल. एलएसडी बनवणाऱ्याने जे तेल सांगितलंय तेच, आणि हळू वळताना थोडी कटकट आली तर ती सहन करा.

तिसरागिअर:
माझं मत, क्लच अजून एक-दोन ट्रॅक डे ओढत असेल तर आधी बुश आणि अलाइनमेंट करून तसंच चालवून बघा. त्यानंतरही ब्रेक सोडताना मागे वळवळ राहिली तर प्लेटवालं घ्या, ॲक्सिलरेटरवर कमी आणि सोडल्यावर जास्त, साधारण ९९७ कॅरेराच्या आकड्यांच्या जवळपास. आणि मागचा बार मग मधल्या भोकात आणून बघा, मऊ केल्यावर नाक आळशी झालं होतं ना, त्यातलं थोडं परत मिळेल.

सरळरेषा:
९९६ चा धागा, गिअरबॉक्स उतरवायची गोष्ट, आणि अजून कुणी आयएमएस बेअरिंगचं (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं, या गाड्यांत बिघडण्यासाठी बदनाम) नाव काढलं नाही?

क्राऊनपिनियन:
आलोच होतो त्यावर. क्लच आणि फ्लायव्हील निघालं की ते समोरच दिसतं, बाजूला क्रँकचं मागचं सील पण. डिफचा निर्णय काहीही घ्या, त्या दोन्हीकडे बघितल्याशिवाय गिअरबॉक्स परत चढवू देऊ नका. शंकासुर, गाडी कुठल्या सालची? त्यावर कुठलं बेअरिंग आहे ते ठरेल.

शंकासुर:
१९९९.